तुमच्या बाजूचं पान

गाडीचं पुढचं दार उघडलं की दोन बिजागऱ्यांच्या मधोमध एक काळी, चुण्या पडलेली रबरी नळी दिसते. अंगठ्यापेक्षा जरा जाड. दाराच्या काचेची, कुलपाची, स्पीकरची वायर तिच्यातून जाते. दार दिवसातून वीस वेळा उघडा आणि लावा, ती नळी ताणली जाते, आवळली जाते, आणि आतल्या वायरला पाणी लागू देत नाही. तुम्ही तिच्याकडे कधी बघितलं नसेल. मीही गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत सात वर्षं नोकरी करून बघितलं नव्हतं. मुरलीधर आवटे यांनी एकदा आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये थांबवून ती मला दाखवली. "मॅडम, ही आमची," असं म्हणाले आणि कुणाच्या तरी उघड्या दारावर हात ठेवून कौतुकाने उभे राहिले. त्या गाडीचा ड्रायव्हर त्यांच्याकडे संशयाने बघत होता.

मी वकील आहे. कोर्टातली नाही, कंपनीतली. गुरुग्रामच्या एका काचेच्या इमारतीत अकराव्या मजल्यावर बसून पुरवठादारांचे करार लिहिते. मयूर विहारहून मेट्रोने जायला सव्वा तास, यायला सव्वा तास. काम काय करतेस असं कुणी विचारलं तर मी सांगायचे, "उद्या भांडण झालं तर आपणच जिंकू असा कागद आज तयार करायचा." लोक हसायचे, मीही हसायचे.

आमच्याकडे पुरवठादाराला पुरवठादार म्हणत नाहीत, 'पार्टनर' म्हणतात. पार्टनरला दिवाळीला सुक्यामेव्याचा डबा जातो, वर्षातून एकदा हॉटेलात जेवण असतं, आणि स्टेजवर कुणीतरी टाय लावून सांगतं की आपण सगळे एक कुटुंब आहोत. कुटुंबातल्या माणसांकडून अकरा पानांवर सह्या घेण्याचं काम माझ्याकडे होतं.

आवटेकाकांची ओळख लिफ्टपाशी झाली. मी फोनवर आईशी वाद घालत होते. फोन ठेवला तेव्हा मागून आवाज आला, "पुण्याच्या का?" वळून बघितलं तर साठीचे गृहस्थ, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हातात प्लॅस्टिकची फाइल. दिल्लीत मराठी कानावर पडलं की आपण उगाचच हरखतो. तसंच झालं. पहिल्याच दिवशी मी त्यांना काका म्हणून टाकलं. ते मात्र ऑफिसात मला कायम मॅडम म्हणायचे, आणि अहोजाहो करायचे.

काका मूळचे तळेगावचे. साचे बनवायचं काम शिकले, एका कंपनीने इकडे पाठवलं, ती कंपनी बंद पडली आणि हे इथेच राहिले. मानेसरला एका गल्लीच्या टोकाला पत्र्याची शेड, चार मशीनं, नऊ माणसं. रबराची पट्टी कापायची, तापलेल्या साच्यात घालायची, मशीनने दाबून धरायची, आणि भाजली गेली की हातमोजे घालून ओढून काढायची. कडेला आलेलं जादा रबर कात्रीने कापायचं काम नीलाकाकू आणि आणखी दोघी करायच्या. काकू काकांच्या बायको, आणि खरं सांगायचं तर त्या शेडच्या मालकीणही त्याच. गंधकाच्या वासाने पहिल्यांदा गेलं की डोळ्यांत पाणी यायचं. त्यांची मुलगी अबोली गुरुग्राममध्येच वाढली. लहानपणी तिने विचारलं होतं, "बाबा, तुमच्या शर्टाला कसला वास येतो?" काका म्हणाले, गंधकाचा. तिला कळेना. मग सल्फर म्हणाले. तर ती म्हणाली, "तो सल्फर बोलो ना बाबा!" ही गोष्ट काका दर वेळी नव्याने सांगायचे आणि आधी स्वतःच हसायचे.

एकदा खंडेनवमीला त्यांनी मला शेडवर बोलावलं. तिथल्या कामगारांनी विश्वकर्म्याची पूजा सप्टेंबरातच केलेली असायची, मिठाई वाटून, ढोलक वाजवून. काका पंधरा-वीस दिवसांनी आपली एकट्याची खंडेनवमी पुन्हा करायचे. कात्र्या, पाने, मोजपट्ट्या, सगळं पुसून झेंडूची फुलं. मी म्हटलं, "काका, एकाच मशीनची दोनदा पूजा?" तर म्हणाले, "विश्वकर्मा त्यांचा, खंडेनवमी माझी. मशीनला काय, दोन्ही चालतात." चार मशीनांत तीन नंबरचं सगळ्यांत मोठं. त्यात आमच्या कंपनीचा साचा बसवलेला होता. त्या साच्यावर कुंकवाचं बोट जरा जास्तच ठळक उठलं होतं.

त्या मशीनचा करार मी लिहिला होता. तीन वर्षांचा. आवटे यांनी तीन नंबरचं मशीन फक्त आमच्या कामाला राखून ठेवायचं. त्याच्यावर दुसऱ्या कुणाचं काम घ्यायचं नाही. भाव तीन वर्षं तोच. मागणी आली की अठ्ठेचाळीस तासांत माल दारात. आणि आमच्या बाजूने एकच वाक्य होतं: कंपनी आपल्या गरजेप्रमाणे माल मागवेल, किमान किती मागवेल याचं कोणतंही बंधन कंपनीवर नाही. हे वाक्य माझं. माझे वरिष्ठ हरीश सर यांना ते इतकं आवडलं होतं की म्हणाले, "प्रणिता, ये वाला सबमें डाल दो." मी ते सगळ्यांत घातलं. एक्केचाळीस करारांत.

सहीच्या दिवशी काकांनी चष्मा लावला, बोट जिभेला लावून एकेक पान उलटलं. कुणी वाचत नाही, ते वाचत होते. मला मेट्रो गाठायची होती आणि मी घड्याळ बघत होते. शेवटच्या पानावरून ते पुन्हा पहिल्यावर आले आणि म्हणाले, "मॅडम, आमच्या बाजूचं सगळं आलंय. तुमच्या बाजूचं कुठल्या पानावर आहे?"

मी म्हटलं, "काका, तुम्ही द्यायचं, आम्ही घ्यायचं. त्याला वेगळं पान कशाला?"

"तेही खरंच," असं म्हणून ते हसले, आणि अकरा ठिकाणी सही केली. प्रत्येक सहीखाली एक रेघ, रेघेखाली दोन टिंबं.

आता यात काकांचा भोळेपणा असा की आमच्याकडून दर महिन्याला जे शेड्यूल जायचं, त्यात पहिल्या महिन्याचा आकडा पक्का असायचा आणि पुढच्या दोन महिन्यांचा अंदाजे. सगळ्या मानेसरला माहीत आहे की अंदाजे म्हणजे अंदाजे. काका अंदाजाचाही माल करून ठेवायचे. मी एकदा समजावलं तर म्हणाले, "तुमच्या कागदावर आलंय म्हणजे तुम्हाला लागणार. ऐन वेळी तुमची लाइन थांबली तर?" आमच्या लाइनची काळजी आमच्यापेक्षा त्यांना जास्त. पहिल्या वर्षी जानेवारीत चार दिवस असं धुकं पडलं की ट्रकवाले जागचे हलेनात. सकाळी सात वाजता काका शेअर ऑटोतून चार पोती घेऊन आमच्या फॅक्टरीच्या गेटवर हजर. स्वतःची गाडी धुक्यात चालवायला भीती वाटते म्हणून ऑटो. दोन पोती मांडीवर. हरीश सरांनी त्या प्रसंगाचा फोटो वार्षिक कार्यक्रमात पडद्यावर दाखवला आणि काकांना काचेची ट्रॉफी दिली. शेडमध्ये देवाच्या फोटोशेजारी ती ठेवली गेली. खालच्या फळीवर कात्र्या, वरच्या फळीवर देव आणि आम्ही.

दुसऱ्या वर्षी आकडे उतरायला लागले. काकांची नळी ज्या गाडीला लागायची ती गाडी लोक घेईनासे झाले होते. शेड्यूलवर अठरा हजार नळ्यांचे अकरा झाले, अकराचे चार. काकांनी नऊ माणसांतली दोन कमी केली. त्यांतल्या एकाला काढताना स्वतःच आजारी पडले, असं काकू म्हणाल्या. तीन नंबरचं मशीन महिन्यातले वीस दिवस थंड पडून असायचं. शेजारच्या कारखानदाराने ते थोडे दिवस मागितलं होतं. काकांनी दिलं नाही. राखीव आहे म्हणाले.

आणि मग संक्रांतीनंतरच्या रविवारी सकाळी काका मयूर विहारला माझ्या घरी आले. फोन न करता. हातात काकूंनी दिलेला स्टीलचा डबा, त्यात गुळाच्या पोळ्या. सोफ्याच्या अगदी कडेला बसले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "आज मॅडमना नाही, प्रणिताला विचारायला आलोय. अगंतुगं केलं तर चालेल ना?"

"चालेल म्हणजे काय काका!"

फरीदाबादच्या एका पंपाच्या कारखान्याला मोठ्या रबरी चकत्या हव्या होत्या. त्यांना मोठंच मशीन लागणार होतं, म्हणजे तीन नंबरचं. तीन वर्षांचं काम. दर महिन्याला अमुक इतक्या घेणारच, आणि घेतल्या नाहीत तरी त्यांचे पैसे देणार, असं ते लिहून द्यायला तयार होते. उत्तर आठ दिवसांत हवं होतं.

"मोठं काम आहे गं," काका म्हणाले. "काढलेली दोन्ही माणसं परत घेता येतील. नाहीतर शेड किती दिवस चालेल मला सांगता येत नाही. पण तुमच्याशी करार आहे. तो मला सोडता येतो का, एवढंच सांग. येत नसेल तर नाही म्हणून कळवतो."

मी चहा टाकते असं सांगून आत गेले.

उत्तर तीन ओळींचं होतं आणि ते मला कॉलेजपासून पाठ होतं. करार म्हणजे देणं आणि घेणं. एका वचनाच्या बदल्यात दुसरं वचन लागतं. कायदा त्याला मोबदला म्हणतो. तो मोठाच हवा असं नाही. आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत, घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालून देतात, तेवढासुद्धा पुरतो. पण काहीतरी लागतं. काकांनी मशीन राखून ठेवलं त्याबद्दल आम्ही त्यांना काहीच देऊ केलं नव्हतं, एक नळी घेण्याचंसुद्धा वचन नव्हतं. तसं नव्हतं म्हणूनच तर ते वाक्य सगळ्यांना इतकं आवडलं होतं. आणि आम्ही बांधलेले नव्हतो, म्हणून काकाही बांधलेले नव्हते. जी मागणी हातात आली आहे तेवढी पुरी करायची, आणि पुढची घेणार नाही असं एका चिठ्ठीने कळवायचं. साचा आमचा होता, तो उतरवून परत द्यायचा. बस. ते त्या रविवारीच मोकळे होते. खरं म्हणजे सही केली त्या दिवसापासून मोकळे होते.

मला आणखीही एक गोष्ट ठाऊक होती. दोनच दिवसांपूर्वी, शुक्रवारी, हरीश सरांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं की ती गाडी ऑगस्टपर्यंत बंद होणार. तोवर थोड्या थोड्या नळ्या लागत राहणार, आणि सहा-सात महिन्यांसाठी नवा माणूस कोण साचा लावून घेणार? "आवटे चलते रहने चाहिए. उनको भनक नहीं लगनी चाहिए, बिल्कुल नहीं."

चहा उकळत होता आणि मी ओट्याला टेकून उभी होते. काय विचार करत होते ते स्पष्टच सांगते. मी माझ्या बढतीचा विचार करत होते. एप्रिलमध्ये नावं निघणार होती.

वाचणाऱ्यांत कुणी वकील असेल तर म्हणेल, बाई, तू कंपनीची वकील, तू त्यांना सल्ला देणं चूकच झालं असतं. मान्य. पण "काका, हे मला सांगता येणार नाही, दुसऱ्या वकिलाला दाखवा" एवढं म्हणायला मला कुणी बंदी केली नव्हती. तेवढं म्हटलं असतं तरी ते समजले असते. त्या वाक्यात कुणाचंही गुपित फुटत नव्हतं. मी तेही म्हटलं नाही. हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे आणि दर वेळी उत्तर एकच येतं, की मी भित्री आहे आणि वर हुशारही आहे. दोन्ही एका माणसात असलं की वाईट.

कप घेऊन मी बाहेर आले आणि म्हटलं, "काका, तीन वर्षांची सही आहे तुमची. मध्येच सोडलंत तर कंपनी नुकसानभरपाई मागू शकते."

हे वाक्य खोटं नाही. मागायला काय, कुणीही काहीही मागू शकतं. मिळाली नसती एवढंच. ही माझी हुशारी.

"म्हणजे बांधलेला आहे मी."

मी मान हलवली. ते मात्र खोटं होतं.

मला वाटलं होतं त्यांचा चेहरा पडेल. तसं झालं नाही. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, "बरं झालं विचारलं. उगाच मोह पडला होता. आपण शब्द दिलाय, तो पाळायचा. तुमची माणसंही पाळतीलच की." त्यांना हायसं वाटलं होतं. उठताना म्हणाले, "डबा राहू दे, घाई नाही. तुझी काकू काही एका डब्यावाचून अडत नाही." मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडलं. अकरा वाजायचे होते, मयूर विहारच्या बागेत म्हातारे उन्हाला बसले होते, आणि काका त्यांच्या बाजूने स्टेशनकडे चालत गेले. चालताना त्यांचा डावा पाय जरा ओढत होता, हे मला तेव्हाच पहिल्यांदा दिसलं.

एप्रिलमध्ये मला बढती मिळाली. काकांनी पेढे पाठवले.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात दोन ओळींची मेल गेली. पुढच्या महिन्याचं शेड्यूल शून्य, त्यापुढच्या दोन महिन्यांचंही शून्य, साचा परत न्यायला गाडी येईल. दुसऱ्या दिवशी काका ऑफिसात आले. तीच प्लॅस्टिकची फाइल. मीटिंग रूममध्ये हरीश सर, मी आणि ते. काकांनी आवाज चढवला नाही. ते हिंदीत हरीश सरांना सांगत होते की तीन वर्षं व्हायला सात महिने बाकी आहेत, दोन महिन्यांच्या अंदाजाचा माल करून पोत्यांत भरलेला आहे, एवढा तरी घ्या. रबर एकदा भाजलं की पुन्हा वितळत नाही, त्याचं दुसरं काही करता येत नाही. या साच्यातली नळी दुसऱ्या कुठल्या गाडीला बसत नाही.

हरीश सरांनी माझ्याकडे बघितलं. "प्रणिता, आप इन्हें मराठी में समझा दो यार."

मी समजावलं. माझ्याच भाषेत, माझंच वाक्य. "काका, करारात कंपनीवर माल घेण्याचं बंधन नाही. किमान किती घ्यायचा ते कुठेच लिहिलेलं नाही. अंदाजाचा आकडा म्हणजे मागणी नव्हे."

काकांनी फाइल उघडली. अकरा पानं सावकाश चाळली, पुन्हा एकदा, बोट जिभेला लावून. मग ती मिटली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तुमच्यावर घेण्याचं बंधन नव्हतं. मग मॅडम, माझ्यावर देण्याचं होतं का?"

आयुष्यभर साचे आणि रबर हाताळलेला माणूस. जे शिकायला मला पाच वर्षं लागली होती ते त्याने त्या टेबलापाशी दोन मिनिटांत शोधून काढलं. मी टेबलाकडे बघत राहिले. त्यातच त्यांना उत्तर मिळालं. त्यांची नजर माझ्यावर होती आणि मला दिसत होतं की ते ऑफिसात नाहीत, माझ्या घरी सोफ्याच्या कडेला बसले आहेत, आणि मी चहा घेऊन येते आहे.

"क्या कह रहे हैं?" हरीश सरांनी विचारलं.

"कुछ नहीं सर," काकाच म्हणाले. "समझ गया." मग मला म्हणाले, "अच्छा. येतो मॅडम." खुर्ची मागे सारली, ती नीट आत ढकलून ठेवली, आणि गेले.

फरीदाबादवाल्यांनी जानेवारीतच दुसरा माणूस धरला होता. काकांनी दिवाळीपर्यंत एक-दोन मशीनांवर चपलांच्या टाचा, पाइपाचे वॉशर असली किरकोळ कामं करून बघितली. त्या वर्षी खंडेनवमीला त्यांनी मला बोलावलं नाही. नोव्हेंबरात शेड रिकामी झाली. साचा त्याआधीच आमची गाडी घेऊन गेली होती. त्याच्या गेटपासवर सही माझीच लागते. साच्याच्या पावतीवर आमच्या स्टोअरवाल्याने शेरा मारला होता, 'लाल रंगाचा डाग, साफ करून घेणे.' कुंकू होतं ते.

मी राजीनामा दिला असेल असं तुम्हाला वाटलं असेल तर तसं काही झालं नाही. घराचा हप्ता आहे, पोराची शाळा आहे. नव्या करारांच्या मसुद्यात मी आता किमान खरेदीचा एक आकडा घालते. वरून येताना बहुतेक वेळा तो खोडलेला असतो. मग मी पुन्हा घालते. याला पश्चात्ताप म्हणावं इतकं काही ते मोठं नाही.

मार्चअखेर तो करार आपोआप संपला. त्या आठवड्यात स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवरचा स्टीलचा डबा मी खाली काढला. झाकणावर काकूंचं नाव कोरलेलं होतं, 'सौ. नीला मु. आवटे, तळेगाव'. चौदा महिने तो माझ्याकडे होता. आजवर मी कुणाचा डबा इतके दिवस ठेवून घेतला नव्हता. मी बेसनाचे लाडू केले, स्वतः केले, विकत आणले नाहीत, आणि शनिवारी दुपारी जुन्या गुरुग्राममधल्या त्यांच्या घरी गेले. काका घरी असतील तर काय बोलायचं ते मेट्रोत चार वेळा घोकलं होतं. सगळं सांगणार होते. शुक्रवारचं, चहाचं, मान हलवल्याचं.

दार काकूंनी उघडलं. "अगं बाई! प्रणिता! ये, ये ना." काका नव्हते. मानेसरलाच दुसऱ्याच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून लागले होते. सकाळी सहाला कंपनीची बस, शनिवारीही ड्युटी. त्रेसष्टाव्या वर्षी. "उभं राहून पाय सुजतात," काकू म्हणाल्या, "पण घरी बसवत नाही त्यांना. आणि आता बसून चालणारही नाही." खोलीत टीव्हीच्या शेजारी ती काचेची ट्रॉफी होती. तिच्यावर धूळ नव्हती.

मी डबा पुढे केला. म्हटलं, "काकू, मला काकांशी बोलायचं होतं. तुम्हालाही सांगायला हवं. त्या जानेवारीत..."

"काही सांगू नकोस," काकूंनी माझा हात धरला. "मला सगळं माहीत आहे. हे बोललेत मला. म्हणाले, प्रणिताने फार धडपड केली आपल्यासाठी. वरचे लोक ऐकेनात, त्याला ती पोर काय करणार? अबोली तुमच्या कंपनीला खूप वाईटसाईट बोलत होती, तर हे तिच्यावर ओरडले. तिथे आपलं माणूस आहे, म्हणाले, उगाच बोलू नकोस."

मी मान खाली घातली. काकूंना वाटलं मला त्यांचं वाईट वाटतंय. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "असू दे गं. नशिबात होतं." त्यांची बोटं खरखरीत होती, कात्रीने घट्टे पडलेली.

सांगायला हवं होतं. तेव्हाही सांगता आलं असतं. पण काकांनी जे मुद्दाम झाकून ठेवलं होतं ते मी त्यांच्या माघारी उघडं कसं करणार, असं मी स्वतःला सांगितलं. बघा, पुन्हा हुशारी.

काकू डबा घेऊन आत गेल्या. लाडू ताटात काढल्याचा आवाज आला, नळाचा आवाज आला. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आल्या आणि डबा माझ्या हातात ठेवला. जड होता.

"काकू, अहो हा तुमचाच डबा आहे. परत करायला आणला होता."

"माहीत आहे. पण रिकाम्या हाताने कशी जाशील? चिवडा केला होता कालच. यांनीच सांगितलं होतं, प्रणिता कधी आली तर तिला दे म्हणून. कधीतरी ती येईल म्हणाले."

मेट्रोत बसायला जागा मिळाली. डबा मांडीवर घेऊन मी मयूर विहारपर्यंत आले. तो अजून माझ्याकडेच आहे, धुऊन, पुसून, ओट्यावर. त्यात काय घालून परत करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.